चार फुटांची वाट

“देवाच्या पाठीमागनं चाकं घालतास? उतरा, उतरा खाली!” असं कुणी बाई ओरडली, आणि चिंतामणी उतरला.

झालं ते एवढंच. शुक्रवारची संध्याकाळ होती. मिरजोळ्याकडून उतार धरून तो गावात येत होता, आणि फणसाच्या वळणावर त्याची सायकल त्यानेच आखलेल्या, त्यानेच उभं राहून चोपून घेतलेल्या चार फुटांच्या पट्टीवरून चालली होती. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी समोर हात वर करून उभी राहिली. ओव्हरसियर माणसाने अशा वेळी काय करावं? घंटी वाजवावी, ‘बाजूला हो गो’ म्हणावं आणि निघून जावं. पट्टी सायकलींसाठीच होती. ती व्हावी म्हणून त्याने सात-आठ महिने कागद रंगवले होते. पण त्याचा पाय आपोआप जमिनीला लागला. दोन दगडांच्या मधून त्याने सायकल मोटारींच्या रस्त्यावर ओढून काढली, आणि काढता काढता उजवा हात आधी छातीला गेला, मग कपाळाला. “आसं,” म्हातारी समाधानाने म्हणाली आणि भारा सावरत चढण चढू लागली. चिंतामणी पुन्हा सायकलवर बसला. फर्लांगभर पुढे आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण आत्ता नमस्कार केला. आणि केला तो कुणाला, तर ज्याच्या पाठीवर आपणच खडूने एकचा आकडा घातला होता त्या दगडाला. मग तो परत उतरला.

देवाधर्माचं त्याला वावडं होतं असं नाही. घरी पूजा होती, संकष्टी होती, आणि भाद्रपदात गणपतीच्या पुढ्यात आरतीला त्याचा आवाज चार घरांवर जायचा. नमस्काराची त्याला लाज वाटली नाही. भीती वाटली. कारण सोमवारी हेमा या रस्त्याने जायची होती. हेमा ही त्याची एकुलती एक मुलगी, विशीतली, पुण्याला राहून मास्तरकीचं शिक्षण घेऊन आलेली. मिरजोळ्याच्या मुलींच्या शाळेतली बाई लग्न होऊन गेली आणि वर्ष अर्धं सरलेलं असताना ती जागा हेमाला मिळाली. जायचं दोन-तीन मैल, यायचं दोन-तीन मैल, आणि ते सायकलीवरून. पुण्याहून येताना पुढे वेताची टोपली लावलेली सायकल ती बोटीवरून घेऊन आली होती आणि तेव्हापासून अख्खी आळी तिला बघायला ओटीवर येत होती. चिंतामणीला त्याचा केवढा अभिमान. लोक काय म्हणतील याची काळजी आनंदीबाईने करावी, तिला नवऱ्याने एकच सांगितलं होतं, “अगो, रस्त्यावर तिच्यासाठी वेगळी वाट आहे. तिथे मोटार येऊच शकत नाही.” आणि आता त्या वाटेवरून, ती वाट करणारा माणूस, एका म्हातारीच्या शब्दासरशी उतरला होता. तो उतरतो, तर हेमा कशी न उतरेल?

सायकल हाताने ढकलत तो चालू लागला. डावीकडे दगड रचलेल्या गडग्यापलीकडे आंब्याला मोहोर आला होता आणि त्याचा वास संध्याकाळच्या धुळीत मिसळून घशाशी बसत होता. वेगळी वाट ही कल्पना त्याची स्वतःची नव्हे. कचेरीत विलायतेचं एक मासिक यायचं, चार-चार महिने शिळं, त्यात त्याने दोन वर्षांमागे एक चित्र पाहिलं होतं: लांबलचक सरळ रस्ता, मधून मोटारी, आणि कडेला सायकलींसाठी निराळी पट्टी. पट्टीवरून टोप्या घातलेली माणसं ओळीने चाललेली. कुणी कुणाला अडवत नव्हतं, कुणी उतरत नव्हतं. त्यांच्या पाठी ताठ होत्या आणि तोंडं कंटाळलेली. त्या कंटाळ्याचा चिंतामणीला हेवा वाटला होता. रस्त्यावर माणसाला कंटाळा येऊ शकतो म्हणजे त्याला मरणाची धास्ती नाही, असं त्याने त्या वेळी मनाशी म्हटलं, आणि चित्र कापून टेबलाच्या खणात ठेवून दिलं. ते तिथेच राहिलंही असतं. पण शिमग्याच्या आधी केरूचा पाय गेला.

केरू हा कचेरीतला शिपाई, राहणारा मिरजोळ्याचा. हसतमुख, सायकलीचा भारी षोकी. तिच्या दांड्याला रंगीत सुतळी गुंडाळलेली असायची. त्या दुपारी चिंतामणी मिरजोळ्याच्या रस्त्याखालच्या मोरीचं माप घेऊन परतला आणि टेबलाशी बसल्यावर त्याला आठवलं की मोजणीची टेप आपण तिथेच, एका गडग्यावर विसरलो. कातडी डबीतली टेप, शंभर फुटांची. उद्या आणली असती तरी चाललं असतं. हे ‘उद्या’ आता वर्ष होत आलं तरी त्याच्या कानामागे कुरकुरत होतं. “केरू, जाऊन घेऊन ये रे,” तो म्हणाला होता, मान वर न करता. केरू गेला, टेप मिळाली, आणि परत येताना उताराला, फणसाच्या वळणावर, खालून येणाऱ्या मोटारीच्या मागच्या चाकाखाली त्याचा डावा पाय सापडला. गुडघ्याखाली कापावा लागला. इस्पितळात चिंतामणी त्याला बघायला गेला तेव्हा केरूने उशाखालून डबी काढून त्याच्या हातावर ठेवली. “टेप बगा सायेब, कुटं फाटली नाय ना?” म्हणाला. चिंतामणीने खरंच ती तिथे उलगडून बघितली, कारण केरूच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. शंभरच्या शंभर फूट धड होती.

त्या रात्रीपासून त्याने पट्टीचा नकाशा काढायला घेतला. रस्ता किती रुंद, मोटारीला किती हवा, बैलगाडीला किती, सायकलवाला तोल सावरताना दोन्ही बाजूंना किती हलतो. हे शेवटचं तो अंगणात हेमाच्या धाकट्या चुलत्याला, भास्करला, गोल गोल फिरवून मोजत होता, आणि आनंदीबाई ओटीवरून “वेड लागलंय शिंच्याला” असं नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या बेतानेच म्हणत होती. चार फूट पट्टी, गडग्याच्या बाजूने, जाणाऱ्या-येणाऱ्या दोघांसाठी. मोटारींचा रस्ता आणि पट्टी यांच्या मध्ये दर पाच यार्डांवर एक दगड, गुडघ्याएवढा, मोटारवाल्याला लांबून दिसेल असा रंगवलेला. सुरुवातीला आणि शेवटाला पाटी: ‘ही वाट सायकलींची’, खाली बाण. कचेरी हसली, थांबली, पुन्हा हसली, आणि शेवटी फणसाच्या वळणापुरता तीन फर्लांगांचा तुकडा करून पाहा म्हणाली. लोक म्हणतात गणपती करायला गेलो आणि मारुती झाला. चिंतामणीने तर बिचाऱ्याने गणपतीही करायला घेतला नव्हता.

चालता चालता तो तेच पुन्हा उकरत राहिला: नेमकं कुठे चुकलं? चुका मोठ्या नव्हत्याच, हेच तर दुखत होतं. दगड जांभ्याचे, चौकोनी चिरे असावेत असं नकाशात होतं. पण दिवाळीच्या सुमारास खाणीवरची माणसं भात झोडायला आपापल्या गावी गेलेली, मुकादम लवू म्हणाला, “सायेब, व्हाळातलं काळं दगड आनूया, चिऱ्यांपरास दणकट.” ठीक आहे म्हणाला तो. ओढ्यातले दगड आले, एकाचा आकार दुसऱ्याला नाही, कुणी वाटोळा, कुणी खांद्यावर मान टाकून बसलेल्या माणसासारखा. खाली चुना द्यायचा, वर रंग. रंग कुठला? पुलाच्या कठड्यांना गंज धरू नये म्हणून पहिला हात देतात त्या शेंदरी रंगाचे दोन डबे गोदामात उघडे पडले होते. ठीक आहे म्हणाला तो. मासिकातही तांबडा नि पांढराच होता. आणि मग कार्तिकात, काम सुरू व्हायच्या दिवशी, पहिला दगड त्याने मुद्दाम फणसाखाली, केरू पडला नेमक्या त्या जागी लावायला सांगितला. खड्डा खणला, दगड उभा केला, माती चोपली. नारळाशिवाय इकडे कुदळ कोण धरतो? लवूने नारळ आणला होता. “तुमच्या हातानं व्हऊ दे सायेब,” म्हणाला. आजूबाजूला सगळी चोपलेली मऊ माती. नारळ फोडायला टणक असं काही जवळ नव्हतं. चिंतामणीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि नारळ त्या शेंदरी दगडाच्या माथ्यावर फोडला. पाणी खाली ओघळलं. लवूने डोक्याचं मुंडासं काढून गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, ह्या वाटंनं जाणाऱ्या-येणाऱ्याची राखण कर म्हाराजा, आणि गडी एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणाले. तेव्हा चिंतामणीला काय वाटलं होतं? बरं वाटलं होतं! आपल्या अर्जातलंच वाक्य लवूने सोप्या बोलीत म्हटलं असं वाटलं होतं. तो याच मातीत जन्मलेला माणूस; व्हाळातला काळा दगड, शेंदूर आणि नारळ हे तीन एकत्र आले म्हणजे काय होतं हे त्याला सांगायला कुणी विलायतेहून यायला हवं होतं का?

आठ दिवसांत पहिल्या दगडापुढे जास्वंदीचं फूल दिसलं. ते तुळसेने, केरूच्या बायकोने ठेवलं होतं. रोज लाकडाची मोळी घेऊन ती याच वाटेने गावात यायची. चिंतामणीला तेव्हा गहिवरून आलं होतं, ते फूल केरूसाठी ठेवलंय असं त्याने धरलं. मग उदबत्ती आली. मग दुसऱ्या दगडाला पहिल्याचा भाऊ म्हणून फूल मिळालं, आणि पौषापर्यंत एकूण एक दगडाला काही ना काही मिळू लागलं. पट्टी आता देवांच्या पाठीमागे आली. देवाच्या पाठीमागून कुणी चपला घालून चालत नाही, मग चाकं कुठून नेणार? सायकलवाले वळणाशी आले की उतरल्यासारखं करायचे आणि मोटारींच्या रस्त्यावरून, देवाला उजवं-डावं काय ते सांभाळून, पुढे जायचे. ‘ही वाट सायकलींची’ या पाटीच्या खिळ्याला कुणी झेंडूची माळ अडकवली. आणि मोटारवाले! ते तर फारच भाविक निघाले. वळणाच्या आधी तीनदा भोंगा वाजवायचे आणि ऐन वळणात, जिथे दोन्ही हात चाकावर पाहिजेत तिथे, एक हात सोडून कपाळाला लावायचे. चिंतामणीने हे पहिल्यांदा बघितलं आणि खात्री करायचं ठरवलं. त्याने गडग्याआड उभं राहून एका सकाळी मोजलं: नऊ मोटारी गेल्या, सात हात सुटले. बाकीचे दोघे बहुधा मुसलमान असावेत. त्यांनी हात सोडला नाही, पण भोंगा मात्र वाजवला.

घरी पोचला तेव्हा हेमा अंगणात सायकलीच्या साखळीला खोबरेल लावत होती. बापाचं तोंड बघून तिने विचारलं, “काय हो बाबा, पडलात की काय?” तो पायरीवर बसला आणि झालेलं सगळं सांगितलं, नमस्काराचं तेवढं गाळलं. “सोमवारी तू पट्टीवरूनच जायचंस,” तो म्हणाला. “कुणी काही बोललं तरी उतरायचं नाही.”

हेमाने हात फडक्याला पुसले. “बाबा, काल मी जाऊन आले. शाळा बघायला.”

“मग?”

“पट्टीवर वळले आणि दोघीजणी आडव्या आल्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, ‘बायमानसानं देवाच्या पाठीमागनं चाक नेलं तर आमच्या पोरींचं कसं व्हयाचं गो?’ त्यांच्यातल्या एकीची मुलगी दुसरीत आहे. माझ्याच वर्गात यायची आहे.” ती थोडी थांबली. “मी रस्त्यावरून गेले.”

“मोटार आली होती?”

“एक आली. अंगावर धूळ उडाली, एवढंच.”

“हेमा, ते देव नव्हेत! पुलाचा रंग आहे तो. माझ्या गोदामातला.”

“मला ठाऊक आहे हो,” ती हळू आवाजात म्हणाली, एखाद्या ढ मुलाला सांगावं तशी. “पण त्यांच्या देवाच्या पाठीमागून सायकल घालणारीच्या हाती कुठली आई मुलगी देईल? पहिल्याच दिवशी शाळा रिकामी होईल. मग मी तिथे जाऊ तरी कशाला?” आतून आनंदीबाई म्हणाली, “चालत जावं. नाहीतर जाऊच नये. आम्ही नाही गेलो कुठे, काही बिघडलं नाही,” आणि तांदूळ निवडायच्या सुपाचा आवाज जोरात येऊ लागला.  हेमा साखळी फिरवून बघत राहिली. चिंतामणीला त्या फिरणाऱ्या साखळीतून केरूची रंगीत सुतळी दिसायला लागली, तसा तो उठून मागीलदारी गेला आणि उगीचच हातपाय धूत बसला.  मुलगी बरोबर होती, म्हातारी बरोबर होती, तुळसा बरोबर होती. सगळी बरोबर माणसं मिळून हेमाला मोटारींपुढे ढकलत होती आणि त्यात पहिला हात त्याचा होता.

शनिवारी तो साहेबांपुढे उभा राहिला. दगड काढून टाकू, त्याजागी लाकडी खुंट मारू, पांढरे. साहेब भला माणूस होता, घाटावरचा, दोन वर्षांत निवृत्त व्हायचा. “चिंतामणराव,” तो म्हणाला, “दगड होते तोवर तुमचे होते. आता त्यातला एक हलवून बघा, उद्या कचेरीपुढे तीन गावं बसतील. आणि तुम्हीच सांगता ना, चार महिन्यांत तिथे एकही अपघात नाही? मग तक्रार कसली?” चिंतामणी म्हणाला, “तो योगायोग आहे.” साहेब हसला. “हे तुम्ही त्या लोकांना पटवा. मला पटवून काय उपयोग?” आपल्या टेबलाशी येऊन चिंतामणीने खणातलं मासिकाचं चित्र काढून बघितलं. टोप्या घातलेली माणसं अजून तशीच ओळीने चालली होती, कंटाळलेली. त्याला त्यांचा एकदम संताप आला आणि त्याने ते चित्र फाडलं. मग कुणी बघितलं नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहून तुकडे खिशात घातले.

रविवार कसा गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. मांडवीच्या वाळूत तो दोनदा जाऊन बसला. समुद्राकडे बघताना त्याच्या मनात वळणच येत होतं: वरून उताराने येणारी सायकल, खालून चढणारी मोटार, भोंगा एकदा, दोनदा, तीनदा. जाताना चढण आहे, सायकल हळू असेल, थांबता येईल. पण शाळा सुटल्यावर येताना उतार. केरू उतारालाच होता. हेमा तीन वर्षांची असताना याच वाळूत त्याचं बोट सोडून लाटेकडे धावली होती आणि त्याने तिचा परकर पाठीमागून धरला होता. त्या वेळी मुठीत आलेल्या ओल्या कापडाची आठवण त्याला आत्ता तळहाताला जाणवली. तेव्हा हात पुरला होता. विशीतल्या मुलीला पाठीमागून कसं धरायचं? आणि ती धरू देईल का? धरू दिलं तर तिला पुण्याला कशासाठी पाठवली होती? परतताना वाटेत त्याला पक्कं सुचलं की एकच दगड काढायचा. पहिला. नारळ त्याच्यावर फुटला, देव तोच. बाकीचे त्याचे भाऊबंद. मूळ उपटलं की फांद्या वाळतात. त्याने तो बसवला होता, काढायचा अधिकारही त्याचाच.

सोमवारी उजाडता उजाडता तो गोदामातली पहार सायकलीच्या दांड्याला बांधून वळणावर गेला. हवेत गारवा होता, फणसाच्या बुंध्यावर कोवळ्या फणसांच्या लहान लहान कुयऱ्या लटकत होत्या. पहिला दगड आता ओळखू येत नव्हता. तेलाने काळा-शेंदरी झालेला, पुढ्यात वाळकी फुलं, वर कुणी नवं तांबडं फडकं गुंडाळलेलं. चिंतामणीने पहार सोडली, तिचं टोक दगडाच्या मुळाशी मातीत रोवलं आणि दाब द्यायला दोन्ही हात वर नेले.

“सायेब!”

तुळसा होती. आज डोक्यावर मोळी नव्हती. तिच्या मागे, कुबडीवर एकेक पाऊल टाकत, केरू येत होता. अपघातानंतर तो घराच्या पडवीबाहेर पडलेला चिंतामणीने पाहिला नव्हता. तो वाळला होता, दाढी वाढली होती, पण हसणं तेच. “रामराम सायेब,” तो म्हणाला. “म्हटलं एकदा बगून यावं. लय दिस हिच्या तोंडनं आयकत होतंव.” मग त्याची नजर पहारेवर गेली. “माती सुटली काय? दगूड कलला?”

 तुळसेने पहारेकडे बघितलं, चिंतामणीकडे बघितलं. तिला कळलं असावं. तरी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसून वाळकी फुलं वेचू लागली. “तवापासना हितं कुनाला खरचटलं नाय सायेब,” ती दगडाकडेच बघत म्हणाली. “माज्या घोवाचा पाय गेला तितंच तुमी ह्यो बशिवलात. तुमच्या मनात व्हता म्हनून बशिवलात ना? मी रोज सांगतंय ह्याला, सायबानं इसरलं नाय आपल्याला.”

विसरलो नाही, हे खरं होतं. एवढं एकच खरं होतं, आणि त्याचाच हा असा दगड झाला होता. चिंतामणीच्या हातातली पहार निसटून गवतात पडली. “आज माझी मुलगी इकडून जायची आहे,” तो कसाबसा म्हणाला. “शाळेत. सायकलीवरून.”

“तर मग गाऱ्हानं घाला की!” तुळसा एकदम उठली. “नारळ तुमच्या हातचा. तुमचं लवकर आयकंल तो.”

तो नको म्हणणार होता. पण केरूने कुबडी काखेत सरकवून हात जोडले होते आणि दोघेही त्याच्याकडे बघत होते, काम सुरू व्हायच्या दिवशी गडी बघत होते तसे. चिंतामणीने टोपी काढली. “बा देवा महाराजा,” तो म्हणाला आणि अडला. कचेरीत अर्ज वाचताना असायचा तसला त्याचा आवाज. “मी चिंतामणी, रस्त्याचं काम करणारा. माझी मुलगी हेमा आजपासून या वाटेने जाईल-येईल. तिची राखण कर, महाराजा.”

“व्हय म्हाराजा,” दोघं म्हणाली.

तिथे थांबायचं होतं. पण तोंड थांबेना. “केरूचा पाय गेला तो माझ्या टेपेपायी, महाराजा. टेप उद्या आणली असती तरी चाललं असतं. ती चूक माझी. तुला इथे आणलं तीही चूक माझी. मला वाट करायची होती. ती माझ्याने झाली नाही, महाराजा.”

तुळसा गोंधळून केरूकडे बघू लागली. फणसावर एक कावळा उगीच ओरडला. मग केरू, चिंतामणीकडे न बघता, दगडाकडे बघत हळूच म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

त्याच वेळी खालून घंटी वाजली. हेमा चढण चढत येत होती, दगडांच्या बाहेरून, मोटारींच्या रस्त्यावरून, टोपलीत पुस्तकं, पदर कमरेला खोचलेला. आणि वर, वळणापलीकडे, भोंगा वाजला. एकदा. दोनदा. चिंतामणीने ओरडायला तोंड उघडलं. हेमाने समोर बघायचं सोडून बापाकडे बघितलं: टोपी काखेत, हात जोडलेले, शेंदरी दगडापुढे उभा. तिच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग हसू, आणि तिनेही, बापाचा मान राखायला, केरू-तुळसेचा मान राखायला, हँडलवरचा एक हात सोडून छातीशी नेला. तिसऱ्यांदा भोंगा वाजला आणि मोटार वळणात आली. काचेआड ड्रायव्हरचा हात कपाळाला होता. त्या वळणावर तेव्हा जितकी माणसं होती त्यांतल्या एकाचेही हात जिथे हवेत तिथे नव्हते.

मग नुसती तांबडी धूळ. ती नाकातोंडात गेली, डोळ्यांत गेली. मोटारीचा आवाज उताराला लागून लांब गेला. चिंतामणी तसाच उभा होता. हात सोडवावेत हे त्याला सुचत नव्हतं. किती वेळ, कोण जाणे. धुळीच्या पलीकडून, बऱ्याच वरून, घंटी वाजली. दोनदा, खुशीत वाजवतात तशी.

“बगा,” तुळसा म्हणाली. “आयकलान्.”

केरू हसला. चिंतामणी मटकन गडग्यावर बसला.  आज गेली. चढण होती, म्हणून गेली. त्याने गवतातल्या पहारेकडे पाहिलं आणि ती पायाने गडग्याच्या सांदीत आणखी आत लोटली, कुणाला दिसू नये अशी. सूर्य आता आंब्यांच्या शेंड्यांवर आला होता. त्याची चार फुटांची पट्टी, दोन्ही अंगांनी सरळ, स्वच्छ, मोकळी, वरपर्यंत दिसत होती. तिच्यावर चाकाचा एक ओरखडाही नव्हता.

“तुळसा,” तो म्हणाला, आणि त्याला आपला आवाज परका वाटला, “साडेपाचला ती परत यायची आहे. उताराने. घरात एखादा नारळ असेल का गो?”